साधनाबाईचा कोरडा कापूस

मोहदरी गावात सकाळी सात वाजता कापसाच्या शेतात एकही बाई दिसत नाही, याचं श्रेय ज्याला द्यायचं असेल त्यानं साधनाबाई मुनेश्वरला द्यावं, खापर फोडायचं असेल त्यानंही तिच्याच डोक्यावर फोडावं. इकडच्या सगळ्या गावांत बाया उजाडायच्या आत पऱ्हाटीत शिरतात. मोहदरीच्या बाया त्या वेळी घरी चहा पीत बसलेल्या असतात, आणि पाहुण्या माणसाला वाटतं की काय आळशी गाव आहे हे. आळशी नाही हो. गाव शहाणं झालंय, आणि ते शहाणपण काही फुकट आलेलं नाही.

आधी ही साधनाबाई कोण ते सांगितलं पाहिजे. कळंबपासून थोडं आत, डांबरी रस्ता सोडून गिट्टीच्या रस्त्यानं गेलं की मोहदरी लागते. गावाच्या पूर्वेला बुद्धविहार, विहारासमोर सिमेंटचं पटांगण, आणि पटांगणाला लागून साधनाबाईचं घर. नवरा मारोती, स्वभावानं गरीब, बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा झालेला. मुलगा संघदीप यवतमाळला कॉलेजात. घरचं तीन एकर वावर, त्यात कापूस आणि तूर. पण तीन एकरांत घर चालत नाही, म्हणून साधनाबाई लग्न होऊन आल्या वर्षापासून लोकांच्या शेतात कापूस वेचते. आता तिच्या हाताखाली चौदा बायांची टोळी आहे. टोळीत कोणाचं डोकं दुखलं, कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं साधनाबाईच्या दारात येतं. तिचा आवाज मोठा, राग नाकावर, आणि दिलेला शब्द मात्र मोडायचा नाही. गावात कोणी कामाचं काही नक्की सांगितलं की, "साधनाबाईनं सांगितलं का?" असं विचारतात. तिनं सांगितलं असेल तर पुढं विचारायचं कारण नसतं.

आता कापसाची गोष्ट. वेचणीची मजुरी किलोवर असते. जेवढा कापूस वेचाल तेवढे पैसे. मग बाई काय करेल? पहाटेच जाईल. पहाटे बोंडावर दव असतं, इकडं त्याला दहिवर म्हणतात, दवानं कापूस जड होतो, आणि तराजूला दव आणि कापूस यातलं काही कळत नाही. शेतकऱ्यालाही हे माहीत असायचं, पण तोही गप्प बसायचा, कारण त्यालाही तो कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला वजनावरच विकायचा असे. व्यापाऱ्यालाही माहीत असायचं, म्हणून तो भाव आधीच पाडून सांगायचा. म्हणजे सगळे एकमेकांना फसवत होते, आणि शेवटी फसत होता तो शेतकरी आणि त्याच्यामागं वेचणारी बाई. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाला त्यात काही चूक वाटत नव्हती.

सरकारचा हमीभाव दिल्लीत ठरतो. कापूस खरेदीची केंद्रं कधी उघडायची ते सरकार ठरवतं, एकरी किती कापूस घ्यायचा ते सरकार ठरवतं, मोबाइलवर नोंदणी करा म्हणतं आणि तारीखही तेच देतं. शेतकऱ्याला कोणी काही विचारत नाही. पण गावात व्यापारी जो भाव देतो आणि केंद्रावर जो हमीभाव मिळतो, त्या दोहोंमधल्या फरकात एका घराचं वर्षाचं तेलमीठ निघतं. अडचण एकच. केंद्रावरचा ग्रेडर कापसात यंत्र खुपसतो आणि ओलावा पाहतो. आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर गेला की कपात, आणि बाराच्या वर गेला की ट्रॉली परत. मागल्या साली मोहदरीच्या ट्रॉल्या अशाच परत आल्या. परत येताना वाटेत व्यापाऱ्यांची माणसं उभीच असतात.

मागल्या साली परत आलेल्या ट्रॉलीत मुनेश्वरांचाही कापूस होता. मारोती त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. साधनाबाई रात्रभर चिडून होती, ग्रेडरवर, सरकारवर, नवऱ्यावर. आणि सकाळी उठून शेतात गेली, दवानं भिजलेलं बोंड हातात घेतलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. हा ओलावा ग्रेडरनं थोडाच घातला होता?

या साली दिवाळीच्या सुमारास तिनं पाच शेतकऱ्यांना विहारासमोरच्या पटांगणात बोलावलं. त्यातले मोठे किसनराव भोयर. साधनाबाईनं सरळ सांगितलं, "काका, भाव आपल्या हातात नाही. तारीख आपल्या हातात नाही. कापूस तं हाये ना? आमी दहिवर उतरल्यावर वेचू. पाल्याची पत्ती नाही, किडकी कवडी नाही, सुती झोळीत वेचू, खताच्या थैलीत नाही. पण मंग किलोवर नाही परवडत. रोजानं पैसे द्या."

"रोजानं देलं तं बाया गप्पा हाणत बसतील," एकजण म्हणाला.

"बसल्या तं मले सांगा. मी कायले हावो?"

किसनरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पहिली ट्रॉली माही जाईल. पास झाली तं साधना म्हणते तसं. वापस आली तं पुन्हा किलोवर." बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. किसनरावांच्या मानेमागं गावाची मान हलते, ही मोहदरीची रीत आहे.

शेतकऱ्यांना पटवणं सोपं होतं. बायांना पटवताना साधनाबाईचा घसा बसला. टोळीतली मोनाली सगळ्यात चपळ, दोघींएवढा कापूस एकटी वेचणारी. ती फणकारली, "मी दोघीएवढी वेचतो, अन् मले रोज एकीचा? काहून वं साधनाबाई?" प्रश्न रास्त होता. साधनाबाईनं तो खोडायचा प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, "एका ट्रॉलीपुरती थांब. वापस आली, तं मी स्वतः तुह्यासंगं पहाटे दहिवरात येईन, अन् पुन्हा कधी तोंड उघडणार नाही." मोनाली थांबली. पण थांबली ती त्या शब्दावर. ट्रॉली परत आली असती तर चौदा बायांची रोजाची मजुरी तर गेलीच असती, पण साधनाबाईचा शब्दही गेला असता. आणि तिच्याजवळ त्याशिवाय मोठं असं काही नव्हतं.

मग वेचणी सुरू झाली. ऊन अंगावर आल्यावर बाया शेतात शिरत. डोक्याला रुमाल बांधलेले, कारण रुईत केस गेलेला चालत नाही. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या शिवल्या होत्या. साधनाबाईनं आणखी एक बंदी घातली, आणि त्यावरून गावात खरी बोंब झाली. शेतात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आणायचा नाही. खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी कापसात पडते आणि सरकी काढताना जिनिंगमध्ये धाग्यात अडकते. आता यवतमाळ जिल्ह्यात माणसाला जेवण सोड म्हटलं तर तो विचार करेल, पण खर्रा सोड म्हणजे काय! किसनरावांचा गडी दोन दिवस रुसून बांधावर जाऊन बसत होता. बाया त्याला हसत होत्या, आणि त्यातल्या दोघींच्या कमरेच्या पिशवीतही पन्नी होती, ती साधनाबाईनं काढून घेतली. शिव्या खाल्ल्या, पण काढली. किसनरावांच्या खोलीत रचलेला तो कापूस पाहायला लोक येऊन जात. इतका पांढरा ढीग त्यांच्या घरात कोणी पाहिला नव्हता.

किसनरावांच्या मुलानं, कपिलनं, नोंदणी केली होती. तारीख आली. आदल्या संध्याकाळी बायांनीच ट्रॉली भरली, आणि घरी जाण्याआधी साधनाबाईनं कपिलला सांगितलं, "उद्या मी येईन संगं."

कपिल गोंधळला. "काकू, तुमी काय करान तिथं?"

"काय करीन ते तिथं पाहू."

पंचवीस वर्षं ती कापूस वेचत होती, आणि दुसऱ्याचा कापूस विकताना तिनं एकदाही पाहिला नव्हता. वेचणारीचं काम तराजूपाशी संपतं. पुढं कापूस कुठं जातो, त्याला कोण काय म्हणतं, हे तिला कोणी सांगत नाही.

सकाळी ट्रॅक्टर केंद्रावर पोचला तेव्हा जिनिंगच्या आवारात बाहेरपर्यंत गाड्यांची रांग होती. ड्रायव्हर बबलूनं ट्रॅक्टर रांगेत लावला. ऊन आलं तसं साधनाबाई ट्रॉलीवर चढली आणि ताडपत्रीचं टोक उचललं. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. दव बाहेरून पडतं, आतून नाही. तिनं कापसात हात घातला. गार. कोपरापर्यंत घातला, तेव्हा खाली कोरडा लागला.

ती खाली उतरली आणि कपिलसमोर उभी राहिली. "पाणी कोणं मारलं?"

कपिल इकडं तिकडं पाहायला लागला. मग म्हणाला, "बाबानं. तुमी गेल्यावर. नेहमीचंच हाये ते काकू, एक बादली. गाडी निंगताना मारतेतच."

साधनाबाईनं ओला हात पदराला पुसला. ज्या माणसाच्या शब्दावर पाच शेतकरी थांबले होते, त्यानंच पाणी ओतलं होतं. आणि तेही फसवायला नाही, काही विचारसुद्धा न करता, जेवण झाल्यावर चूळ भरावी तसं. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणावर? किसनराव तिथं नव्हते आणि कपिलचा चेहरा आधीच उतरला होता.

"वरचा खाली घालू," कपिल हळूच म्हणाला. "साहेब बाजूनं यंत्र लावते. दिसणार नाही."

"अन् लागला तं? अख्खी ट्रॉली ओली म्हणून वापस. अन् नाही लागला तरी मले तं माहीत राहील ना?"

एवढ्यात फुलचंद आला. हा एका व्यापाऱ्याचा माणूस. केंद्राच्या फाटकाशी फिरत असतो आणि कोणाचा चेहरा पडला की त्याला लांबून कळतं. "काय झालं कपिलभाऊ? ओला हाये का? माह्याकडं घाला. आमी ओला-कोरडा पाहत नाही, लगेच पैसे." भाव त्यानं सांगितला. मागल्या साली मारोतीनं घेतला होता तोच भाव.

कपिल साधनाबाईकडं पाहायला लागला. विकून टाकावं असं त्याच्या मनात आलं होतं, ते तिला दिसत होतं. ट्रॉली परत नेण्यापेक्षा बरं, असा हिशेब कोणीही केला असता.

"कपिल," ती म्हणाली, "कापूस तुमचा हाये. विकायचा तं विक. पण वेचा माहा हाये. चौदा बायांचा हाये. थोडा वेळ दे मले, मंग तुह्या मनात येईल ते कर."

फुलचंदनं हसून हात झटकले. कपिलनं मात्र चपला काढल्या आणि ट्रॉलीवर चढला. 

आवाराच्या भिंतीशी ऊन चांगलं येत होतं. तिथं त्यांनी ताडपत्री अंथरली, ओली बाजू खाली आणि कोरडी बाजू वर, आणि वरचा थर हातांनी काढून तिथं नेऊ लागले. पदराच्या झोळीत भरायचा, न्यायचा, पसरायचा, परत यायचं. रांग पुढं सरकली की बबलू ट्रॅक्टर पुढं घ्यायचा, आणि अंतर वाढत जायचं. आसपासच्या गाड्यांवरचे लोक पाहत होते. कोणी हसलं, कोणी विचारलं. "आमचा ओला झाला," साधनाबाई सगळ्यांना एकच सांगत होती, "तो काढून राह्यलो." असं उघड सांगणारं त्या रांगेत आधी कोणी पाहिलं नसावं, कारण हसणारे हळूहळू गप्प झाले. हात घालून गार लागेल तिथपर्यंतचा सगळा काढला, आणि खाली हाताला कोरडाच लागायला लागला तेव्हाच ती थांबली.

त्यांचा नंबर आला. ग्रेडर तरुण होता, उन्हानं वैतागलेला. त्यानं यंत्राची सळई एका कोपऱ्यात खुपसली, मग दुसऱ्या, मग मधोमध. साधनाबाईचं लक्ष यंत्राकडं नव्हतं, त्याच्या चेहऱ्याकडं होतं. त्यानं मुठीत कापूस घेतला, बोटांनी धागा ओढून पाहिला, उन्हात धरला, आणि पुन्हा एकदा घेतला.

"आठाच्या आत आहे," तो म्हणाला. "स्वच्छ आहे. पूर्ण भाव." मग त्याला भिंतीजवळचा ढीग दिसला. "तो कोणाचा?"

"आमचाच साहेब," साधनाबाई म्हणाली. "ओला होता म्हणून बाजूले काढला. आमच्याच हातानं झाला. तो याच्यात नका धरू."

ग्रेडरनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. रोज दिवसभर लोक त्याला ओला कापूस कोरडा आहे म्हणून सांगतात. "वाळवा," तो म्हणाला. "बंद करायच्या आत आणून दाखवा, मग पाहू." आणि पुढच्या गाडीकडं जाता जाता मागं वळून विचारलं, "हा वेचा कोणाचा आहे?"

शेत कोणाचं, असं लोक विचारतात. सातबारा कोणाचा, हे तर विचारतातच. वेचा कोणाचा, हे साधनाबाईला पंचवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"माहा," ती म्हणाली. मग लगेच, "आमचा. मोहदरीच्या बायांचा." आणि पदर खोचून तिनं भिंतीजवळच्या ढिगाकडं वाट धरली.

दुपारभर ती आणि कपिल तो ढीग उलटत-पालटत बसले. कपिलनं डबा आणला नव्हता. तिनं आपली भाकर अर्धी करून त्याला दिली, त्यानं वांग्याची भाजी बोटं चाटून खाल्ली. उन्हं कलायच्या आत ग्रेडर स्वतः भिंतीशी आला, ढिगात यंत्र घातलं, आणि मान हलवली. तो ढीगही पूर्ण भावात गेला.

तिनं मोनालीला फोन लावला. शेतात होत्या सगळ्या. "काय झालं?" मोनालीचा आवाज घाबरा होता.

"उद्या पहाटे येऊ नका," साधनाबाई म्हणाली. "दहिवर उतरल्यावर या."

पलीकडं असा गलका उठला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. कपिलला सगळं ऐकू येत होतं. तोही हसत होता.

गावात आल्यावर ती घरी गेली नाही. सरळ किसनरावांच्या ओसरीवर गेली. त्यांच्या पत्नी इंदूबाई आत गेल्या, कपिल दारात घुटमळला. किसनरावांना कपिलनं फोनवर सगळं सांगितलं होतं. ते खाली पाहत बसले होते.

"काका," साधनाबाई म्हणाली, आणि आता तिला आवाज चढवायला कोणाची भीती नव्हती, "तुमी एक बादली पाणी मारलं. त्या बादलीत आमचं सगळं बुडलं असतं. चौदा बाया उन्हात उभ्या राह्यल्या तुमच्या शब्दावर. काहून केलं?"

 "तुले खोटं वाटंन," किसनराव म्हणाले. "माही माय, गाडी कापूस घेऊन निंगाली का, लोट्यानं चाकावर पाणी टाके. चांगली जाऊन चांगली येवो म्हणून. ती गेल्यावर मी टाकू लागलो. मंग कवा बादली झाली, कवा चाकावरून कापसावर गेली... मले नाही समजलं, साधना."

तसं ते समजण्यासारखं होतं. फायदा दिसायला लागला की रीत आपोआप मोठी होते, आणि माणसाला वाटतं की आपण आईचंच करत आहोत. साधनाबाईचा राग थोडा उतरला. पण तिला तो लोटा आठवला. पितळेचा, काठाला चेंबलेला.

"तो लोटा मले माहीत हाये काका," ती म्हणाली. "नवी लग्न होऊन आलती मी. तुमच्या वावरात तुमच्या मायनं त्याच लोट्यातून पाणी पाजलं मले. वरून. ओंजळीत. लोटा हाताले लागू देला नाही."

 किसनरावांनी डोळे वर केले नाहीत. साधनाबाईला भांडायचं नव्हतं, पण सांगायचं होतं, आणि सांगून तिला हलकं वाटलं. ती उठली. "पुढच्या पाळीले पाणी चाकावरच टाका," ती म्हणाली आणि घरी गेली.

पुढची ट्रॉली मुनेश्वरांची होती. मारोतीच्या नावावर नोंदणी, तीन एकरांचा कापूस, विहारासमोरच्या पटांगणात वाळवून भरलेला. टोळीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या. मोनालीनं वरून शेवटचा हात फिरवून कापूस दाबला आणि खाली उडी मारली. बबलूनं ट्रॅक्टर चालू केला, आणि तेवढ्यात किसनराव पटांगणात आले. हातात काही नव्हतं. बोलावल्याशिवाय या बाजूला ते येत नाहीत, त्यामुळं बाया बाजूला झाल्या.

"साधनाबाई," ते म्हणाले. बाई म्हणाले, आजवर ते नुसतं साधना म्हणायचे. "जरा पाणी दे."

तिनं घरातून स्टीलचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. किसनराव वाकले, पुढच्या एका चाकावर थोडं टाकलं, मागच्यावर थोडं टाकलं, फार सावकाश. तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं. ते त्यांनी तांब्याला तोंड लावून, सगळ्यांच्या देखत, तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि रिकामा तांब्या साधनाबाईला परत दिला.

मारोतीचे डोळे भरले. साधनाबाईनं तांब्या काखेत धरला, ट्रॉलीजवळ गेली, आणि कापसावर एखादा थेंब उडाला नाही ना, ते आधी वाकून पाहिलं.